निवांत आफ्रिका

फर्निचरच्या दुकानाच्या वर, जिना चढून गेलं की डाव्या हाताला त्या कंपनीचं ऑफिस होतं. धंदा सांगायला जरा चमत्कारिक. कानावर पडेल पण लक्ष देऊन कोणी ऐकणार नाही, असं संगीत ही कंपनी पुरवायची. बँकांना, हॉटेलांना, दवाखान्यांना, लिफ्टला. कुठंतरी खुर्चीत ताटकळत बसलेल्या माणसाचं डोकं भडकू नये, एवढंच त्या संगीताचं काम.

ती तिथं ध्वनिसंपादक होती. सगळ्यात आतली खोली तिची. भिंतींना करडा फोम, खिडकी नाही, समोर दोन स्पीकर, आणि खालच्या दुकानातून दिवसभर वर येणारा पॉलिशचा वास. एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये मागं कुठं पंखा फिरत असला तरी तिला कळायचं, म्हणून सगळे तिला कानसेन म्हणायचे. पाठीमागं मात्र ठिणगी म्हणायचे. डोक्यात तिडीक गेली की समोर कोण उभं आहे, हे ती बघायची नाही.

हा स्वभाव वडिलांचा. बाबांनी सारं आयुष्य भाजीबाजारात लिलाव पुकारला होता. बाजाराच्या एका टोकाला त्यांनी भाव पुकारला की दुसऱ्या टोकाचा हमाल मान वर करायचा. गल्लीत त्यांना भोंगाच म्हणत. आता त्यांच्या किडन्या थकल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागायचं, पण गळा शाबूत होता. सुई टोचताना जरा चुकलं की मजला डोक्यावर घ्यायचे. सिस्टर घाबरून असायच्या. तिला मनातून बरं वाटायचं. ज्याचा आवाज चढा, त्याच्याकडं लक्ष दिलं जातं.

एक दिवस साहेबांनी तिच्या टेबलावर जुन्या टेपांचं खोकं आणून ठेवलं. कुठल्यातरी बंद पडलेल्या स्टुडिओचा माल लिलावात घेतलेला. खोक्यावर एकच शब्द होता, 'आफ्रिका'.

"यातून एक मस्त मालिका काढायची," साहेब म्हणाले. "निवांत आफ्रिका. ऐकताना डोळे मिटले पाहिजेत."

"आफ्रिकेत कुठलं आहे हे?"

"आफ्रिकेचं आहे म्हटलं ना."

"साहेब, आफ्रिका म्हणजे काय आपल्या मागची गल्ली आहे? गाणाऱ्याचं नाव, गाव, भाषा, काहीतरी असेल की."

"अगं, ऐकणारा सोफ्यावर लोळत पडलेला असतो. तो नकाशा उघडून बसत नाही."

ती धुसफुसत आत गेली आणि तिनं पहिली टेप लावली.

सुरुवातीला नुसतं वाद्य होतं. लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, कोणीतरी अंगठ्यांनी छेडत होतं. पाण्याचे थेंब पडावेत तसा नाद, गोल फिरून पुन्हा तिथंच येणारा. मागं मोकळी जागा जाणवत होती. कोंबड्या, लांबून एक कुत्रं, कोणाच्या तरी बांगड्या किंवा तशाच कशाचा किणकिणाट. मग एक बाई गायला लागली.

कानसेन खुर्चीत सरळ झाली.

भाषेतला एक शब्द तिला कळत नव्हता. पण सूर कळत होता. बाई एक ओळ म्हणायची, थांबायची, आणि चारचौघी बायका तिला एकमुखानं दुजोरा द्यायच्या. पुन्हा ओळ, पुन्हा दुजोरा. आवाज मोठा नव्हता, कापत नव्हता, रडवेला तर मुळीच नव्हता. सगळं आधी ठरवून, कंबर कसून आल्यासारखा होता. ही बाई कोणालातरी जाब विचारत होती. तिच्या तिथं कोणीतरी काहीतरी वाईट केलं होतं, आणि ते ती सगळ्यांसमोर मांडत होती.

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "हे आराम करायचं गाणं नाही. ही बाई भांडतेय."

"मग भांडण काढून टाक. ती टुणटुण तेवढी ठेव."

"ते तिच्यासाठीच वाजतंय! तिला काढलं तर उरतं काय?"

"आराम उरतो," साहेब हसत म्हणाले. "हॉस्पिटलवाले आठवड्याभरात मागतायत. तुझे वडील जातात तेच. त्यांनाही बरं वाटेल बघ."

तळपायाची आग मस्तकात गेली, पण काम तिनं केलं. नोकरी होती. आवाज आणि वाद्य वेगळं करणारी साधनं हल्ली चांगली निघाली आहेत. बाईचा आवाज हळूच सोलून बाजूला केला, बायकांचा दुजोरा काढला, कोंबड्या, कुत्रं, किणकिणाट, सगळं पुसलं. जिथं जिथं बाई होती तिथं भोक पडलं, ते पट्ट्यांचा नाद ताणून बुजवलं. काढलेलं काही ती कधी फेकून देत नसे. संगणकावर 'गाळ' नावाचा एक कप्पा होता, त्यात ते सगळं गेलं. बाईच्या ओळी इतक्यांदा ऐकल्या होत्या की कुठली ओळ कुठं सुरू होते, हे तिला पाठ झालं.

हॉस्पिटलात संगीत लागलं त्या दिवशी ती बाबांना घेऊन गेली होती. खिडकीजवळचा पलंग, हाताला दोन नळ्या, शेजारी गुरगुरणारं मशीन. छतातल्या जाळीतून टुणटुण सुरू झाली. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले.

"बाई कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"कोण बाई?"

"गाणारी. तिच्यासाठी जागा सोडलीय की ह्यात. आत्ता बघ... हां, इथं तिनं तोंड उघडलं असतं." त्यांनी मोकळ्या हाताचं बोट वर केलं. बरोबर त्याच ठिकाणी. "कोणीतरी बोलायला उठावं आणि त्याच्या तोंडावर हात दाबावा, तसं वाटतंय हे. बंद करायला सांग."

तिनं घरी या संगीताबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तरी तिला वाटलं, शेवटी बापाचेच कान आपल्याला मिळाले आहेत, कळलं असेल. तिनं सिस्टरला बंद करायला सांगितलं. सिस्टर म्हणाली, वरून आदेश आहे.

पुढं काही दिवसांनी बाबांचा आवाज बसल्यासारखा वाटायला लागला. डायलिसिसहून आले की मऊ, पुसट बोलायचे. घसा दुखत नव्हता, खोकला नव्हता. घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं आणि सगळं छान आहे म्हणाले.

"मी तिथं केवढा ओरडलो आज," बाबा घरी येऊन सांगायचे. "कोणी बघितलंसुद्धा नाही."

आणि सिस्टर सांगायची, "तुमचे बाबा आता किती शहाण्यासारखे असतात! हूं नाही की चूं नाही."

दोन्ही खरं कसं असेल? ती रजा टाकून एक अख्खी दुपार वॉर्डात बसली.

बाबांच्या शेजारच्या पलंगावर एक बसड्रायव्हर होता, तिथंच दाखल झालेला. त्याची बायको त्याचा हात बघत होती. सुईच्या जागी हात काळानिळा पडून फुगला होता. बाई उठली, पदर खोचून सिस्टरच्या टेबलापाशी गेली. "अहो, ह्यांच्या हाताला काय केलंत तुम्ही? सकाळपासून सांगतेय मी, सुई—"

आणि तिचा आवाज गेला.

ती बोलत होती. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, हातवारे चालू होते. सिस्टर तिच्याकडं बघत होती, तीही काहीतरी म्हणाली, तेही ऐकू आलं नाही. मशीनची पिपाणी ऐकू येत होती. ट्रॉलीची चाकं ऐकू येत होती. नळातून पाणी ठिबकत होतं, तेही. माणसं तेवढी ऐकू येत नव्हती. आणि वरून पट्ट्यांचा नाद, गोल, थंड, मुलायम.

मग आवाज परत आले. "...तर असं आहे," ड्रायव्हरची बायको म्हणाली. गोंधळली. आपण कुठवर आलो हेच तिला उमजेना. ती जागेवर जाऊन बसली, आणि बसताना तिच्या चेहऱ्यावर झोप आल्यासारखं हलकं हसू होतं. नवऱ्याचा हात तसाच फुगलेला होता.

कानसेनच्या अंगावर काटा आला तो यामुळं नव्हे. त्या निःशब्द तुकड्यात तिचे स्वतःचे ओठ सवयीनं हलत होते. टेपवरच्या बाईची, तिनंच कापून काढलेली ओळ ती मनात म्हणत होती. ओळ संपली आणि त्याच क्षणी वॉर्ड बोलायला लागला.

तिनं पुढची ओळ धरली. वॉर्ड मुका झाला. ओळ संपली. वॉर्ड बोलला.

पुन्हा. पुन्हा तसंच.

तिनं सिस्टरला गाठलं. "तुम्हाला जाणवत नाही? मध्येच सगळ्यांचे आवाज जातात!"

"आवाज?" सिस्टर प्रसन्न हसली. "शांत असतं हल्ली. तक्रारपेटी महिनाभर रिकामी आहे. बसा ना, तुम्ही फार ताण घेता."

ती बाहेर व्हरांड्यात गेली, गार पाणी प्यायली, तोंडावर मारलं. परत आली तेव्हा बाबांची मान एका बाजूला कलली होती. ओठ पांढरे, कपाळावर घाम. तिनं किंकाळी फोडली. सुदैवानं ती ओळींच्या मधल्या जागेत फुटली. डॉक्टर धावले, मशीन थांबवलं, पाय वर केले, सलाईन सोडलं. बऱ्याच वेळानं बाबांनी डोळे उघडले.

"रक्तदाब पडला होता. हाक मारायची ना, आजोबा," डॉक्टर म्हणाले.

"ह्यांनी हाकच मारली नाही," सिस्टर म्हणाली. "मी इथंच तर होते. छान शांत पडले होते."

बाबांनी लेकीकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. या माणसाच्या डोळ्यांत तिनं ते आई गेली तेव्हाही बघितलं नव्हतं.

"घसा फाडून ओरडलो गं," ते पुटपुटले. "सिस्टर माझ्याकडं बघून हसली."

त्या संध्याकाळी ती ऑफिसात शिरली ती दार न वाजवताच. साहेबांच्या केबिनमध्येही तेच संगीत लागलेलं.

"ते परत घ्या. आजच्या आज. माझे वडील मेले असते!"

"अगं, बस. काय झालं? आपल्याला मागण्या झेपत नाहीयेत. लोक भांडत नाहीत म्हणे! रांगेत कोणी आवाज चढवत नाही. असा माल आजवर निघाला नव्हता आपल्याकडून."

"लोक भांडतायत, साहेब! तुम्हाला ऐकू येत नाहीय. त्या बाईचं तोंड दाबलंत, आता सगळ्यांची—"

तिला स्वतःचा आवाज ऐकू येईना. घशात कंप जाणवत होता, छाती भरत होती, रिकामी होत होती. ती टेबलावर मूठ आपटून बोलत होती. मुठीचा आवाज आला. ती जे बोलली ते आयुष्यात कोणाला बोलली नव्हती, आणि त्यातलं अक्षरही त्या खोलीत उमटलं नाही. साहेब मान हलवत ऐकल्यासारखं करत होते. संपलं तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

"बघ. बोलून मोकळं झालं की तुलाही बरं वाटलं."

आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट ही, की तिला खरंच बरं वाटत होतं. अंग सैल पडलं होतं. तो राग गेला कुठं, हे तिला सापडेना.

ती आपल्या खोलीत गेली, दार लावलं आणि गाळ उघडला.

बाईच्या आवाजाची फाईल होती तिथंच होती. फक्त ती लांब झाली होती. कितीतरी लांब.

तिनं हेडफोन चढवले.

बाई गात होती. ओळ. दुजोरा. ओळ. दुजोरा. मग बाई थांबली, आणि त्या थांबण्यात दुसरंच कोणीतरी बोललं, अगदी आपल्या भाषेत. "...सकाळपासून सांगतेय मी, सुई नीट बसलेली नाही, ह्यांचा हात जाईल अशानं!" ड्रायव्हरची बायको. तिचं संपेपर्यंत पट्ट्या हलकेच वाजत राहिल्या. आणि मग त्या चारचौघी बायकांनी तिला दुजोरा दिला.

मागं कोंबड्या होत्या. लांबून कुत्रं भुंकलं.

एक म्हातारा आवाज. एक तरुण. कोणीतरी बँकेतला, कोणीतरी हॉटेलातली सफाईवाली. प्रत्येकाला बाई जागा देत होती. प्रत्येकाला दुजोरा मिळत होता.

मग तो आवाज आला, जो ऐकून बाजारातले हमाल मान वर करायचे.

"सिस्टर! अगं बाई, डोळ्यांपुढं अंधारी येतेय! कोणीतरी बघा रे! पोरी! पोरी, कुठं आहेस?"

बायकांनी दुजोरा दिला.

आणि शेवटी तिचा स्वतःचा. मुठीच्या आवाजाशिवाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचं डायलिसिस नव्हतं, तरी ती हॉस्पिटलात गेली. सिस्टरच्या टेबलामागं संगीताची पेटी होती. तिनं त्यातला पेनड्राइव्ह काढला आणि आपला लावला. वाद्य, बाई, कोंबड्या, सगळं होतं तसं, अखंड.

पट्ट्या वाजल्या. मग बाई गायला लागली.

वॉर्डात सगळ्यांनी माना वर केल्या.

पहिली ओळ संपली. छतातल्या जाळीतून दुजोरा आला.

ड्रायव्हरची बायको उभी राहिली. "ह्यांचा हात बघा आधी," ती म्हणाली. तिचा आवाज स्पष्ट होता. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्या पलंगावरचा शिक्षक उठून बसला आणि आपली गोळी कोणी बदलली म्हणून विचारायला लागला. एक आजी पाण्यासाठी ओरडल्या. कोणी रडायला लागलं. थोड्याच वेळात अख्खा मजला तापला, दारं उघडली, डॉक्टर धावत आले, आणि त्या सगळ्या गदारोळावर बाई शांतपणे आपलं गात राहिली.

ड्रायव्हरचा हात वाचला. आणखी दोन दिवस गेले असते तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

कानसेनची नोकरी गेली. हॉस्पिटलवाल्यांनी तिचा पेनड्राइव्ह जप्त केला आणि तिथल्या तिथं पुसून टाकला. तिच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी कंपनीला नोटीस धाडली, गाणारी कोण, कुठली, तिची परवानगी कुठं आहे, असं विचारणारी. झालं, साहेब घाबरले. त्यांनी खोक्यातल्या सगळ्या टेपा नष्ट केल्या आणि गाळाचा कप्पा कायमचा रिकामा केला. पुरावाच नको. बाईचा आवाज आता जगात कुठं उरला नव्हता. टुणटुण तेवढी राहिली, कारण ती विकली गेली होती, आणि विकलेलं कोणी परत मागवत नाही.

हॉस्पिटलात मात्र ती पुन्हा लागली नाही. बाबांचा आवाज हळूहळू भरून आला. एक दिवस गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी लावणाऱ्या माणसाला त्यांनी गॅलरीतून असं काही फैलावर घेतलं की तिला स्वयंपाकघरात हसू आवरेना. तिला वाटलं, सुटलो.

तिनं नवीन काम शोधायला घेतलं. एका मुलाखतीसाठी शहराच्या पलीकडच्या भागात गेली होती. वेळ हाताशी होता म्हणून बसमधून अलीकडंच उतरून चालत निघाली. रस्त्याच्या कडेला जाळीचं कुंपण होतं, आत शाळेचं पटांगण. मधली सुट्टी असावी. ती दहा पावलं पुढं गेली आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला चपलांचे आवाज येतायत. नुसत्या चपलांचे.

ती मागं फिरली.

पटांगण मुलांनी भरलेलं होतं. मुलं पळत होती, एकमेकांना पकडत होती, झोपाळ्याची साखळी करकरत होती, चेंडू भिंतीवर आपटत होता. सगळ्यांची तोंडं उघडी होती. खांबावरच्या स्पीकरमधून पट्ट्यांचा थंड, मुलायम नाद झिरपत होता.

कुंपणापाशी एक छोटी मुलगी पडली होती. गुडघा चांगलाच फुटला होता, रक्त मोज्यापर्यंत आलं होतं. तिनं मान मागं टाकली होती, डोळे घट्ट मिटले होते, आणि तोंड इतकं उघडलं होतं की आतली पडजीभ थरथरताना दिसत होती.

तिच्यापासून हातभर अंतरावर शिक्षिका पाठमोरी उभी राहून कुंडीतल्या रोपांना पाणी घालत होती.